पटली न्हाई म्हणून न्हाई

ढालगाव ते नागज या पट्ट्यात कुणाच्या गोठ्यात गाय माजावर आली, की पहिला फोन दीपमाला कोळेकरला जातो. कृत्रिम रेतनाचं काम ती करते. पायात गमबूट, खांद्यापर्यंत चढवायचा प्लास्टिकचा हातमोजा आणि मोटारसायकलच्या मागे बांधलेलं, वळूचं वीर्य गोठवून ठेवायचं नायट्रोजनचं भांडं, असा तिचा सरंजाम. आज तिची वाट बघणारी माणसं पूर्वी तिला दारातूनच परत पाठवत. ती हे काम नवीन शिकून आली, तेव्हा लालासाहेब पाटलांनी तिला गोठ्याच्या तोंडाशीच अडवलं होतं.

"बाईमाणसानं असलं काम करू ने. बरं दिसत न्हाई," ते म्हणाले.

"आवं पाटील, गाय बी बाईच हाय की. तिला इचारा, तिची काय हरकत हाय का."

पाटील बाजूला झाले. गाय गाभण राहिली, आणि पुढच्या वेळी त्यांनी स्वतःहून फोन केला. पण दीपमाला काही विसरली नाही.

सुरुवातीला तिच्याकडे एक जुनी मोपेड होती. ओढ्याच्या वाळूत ती रुतायची, आणि मग बाई गाडी ढकलतेय हे बघायला बांधावर माणसं जमायची. एका सकाळी तिनं नवऱ्याची मोटारसायकल काढली. नवरा तानाजी कुपवाडच्या एका फाउंड्रीत कामाला. तो दुसऱ्या कामगाराच्या गाडीवरून जायचा. सासू हरणाबाई, नात्यानं तिची सख्खी आत्याच, उंबऱ्यात बसली होती.

"आगं, दोनीकडं पाय टाकून बसतीस व्हय?"

"आत्ते, मेंढरांमागं घोड्यावर तुमी कशा बसत हुता?"

हरणाबाई मिश्री लावता लावता थांबली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "घोडं बरं असतंय. हिचं कान दिसत न्हाईत, मग राग आला कसा कळायचा?" पण तिनं अडवलं नाही.

एवढी वर्षं त्या मोटारसायकलनं काम दिलं. अजूनही देतेय. त्यामुळे एके दिवशी दीपमालानं मोठी गाडी बघायला सांगलीला जायचं काढलं, तेव्हा घरादाराला प्रश्न पडला. असलेली गाडी चालते आहे, कामाला पुरते आहे, मग आणखी कशाला?

झालं होतं असं. नागजच्या फाट्यावर पुण्याकडची काही गाडीवाली पोरं चहाला थांबली होती. त्यांतली एक गाडी दीपमालानं पाहिली आणि हातातला वडापाव तसाच राहिला. साडेसहाशे सीसीची. अंगावर प्लास्टिकचा पत्रा नाही, समोर काच नाही. इंजिन, सायलेन्सरच्या नळ्या, चौकट, सगळं उघडं. पुढून भरलेली, मागून आटोपशीर. माणदेशच्या बाजारात एखादं खिल्लार खोंड मालकाच्या हातात न मावता उभं असावं तसं ते धूड उभं होतं. ती भोवती दोनदा फिरली. गाडीवाल्यानं सुरू करून दाखवली. आवाज ऐकून तिच्या छातीत काहीतरी हललं.

तेवढंच. याहून जास्त कारण तिच्याकडे नव्हतं, आणि कुणी विचारलं तर ते शोधून देण्याची तिची तयारी नव्हती.

विश्रामबागेतल्या शोरूममध्ये यशराज नावाचा सेल्समन पुढे आला. गळ्यात ओळखपत्र, केस चापूनचोपून बसवलेले.

"या मॅडम. स्कूटर त्या बाजूला आहेत."

"मला ती पायजे," तिनं काचेजवळच्या गाडीकडं बोट केलं.

"अच्छा, मुलासाठी का? मिस्टर येणार आहेत का मागून?"

"मिस्टर कुपवाडला ड्युटीवर हायत. मुलगा न्हाई, मुलगी हाय, ती नववीत हाय. गाडी माझ्यासाठी. ही कसली म्हनत्यात गाडी? हिला काय तरी नाव हाय ना, उघड्या गाडीला?"

यशराज लाजला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "म्हणजे... बिनकव्हरची असते मॅडम ही."

"नेकेड म्हनत्यात," दीपमाला म्हणाली. "म्हणा की. मी दिवसभर काय काम करते तुमाला म्हाईत असतं तर एवढं लाजला नसता."

तिनं लायसन पुढं ठेवलं. मॅनेजर जयराज आतून आला, लायसन उलटसुलट करून पाहिलं. मग ठरलं की शोरूमपासून पुढच्या चौकापर्यंत जायचं, वळून यायचं, आणि यशराज मागे बसेल.

"मागं कुणी बसायचं न्हाई," ती म्हणाली. "माझ्या घरची मानसं बसतील तवा बसतील. आधी मला एकटीला तिचा अंदाज येऊ दे."

"मॅडम, गाडी जड आहे. तुमचे पाय..."

पाय पोचत नव्हते हे खरं. टाचा वर राहत होत्या, नुसते चवडे टेकत होते. पण मोटारसायकलवरही तिचं तसंच होतं. वाद घालून घालून अखेर ती एकटी निघाली.

जाताना सगळं ठीक गेलं. चौकात वळताना घोटाळा झाला. तिनं आपल्या जुन्या गाडीच्या हिशेबानं वळण धरलं; हँडल मध्येच अडलं, आणखी फिरेना. समोरून रिक्षा आली. दीपमालानं खाली रस्त्याकडं बघितलं आणि घाबरून पुढचा ब्रेक दाबला. उतरत्या कडेला पाय टेकायला गेली तर तिथं जमीनच नव्हती. गाडी शांतपणे, एखादी म्हैस बसावी तशी, डाव्या अंगावर आडवी झाली, आणि दीपमाला तिच्याबरोबर.

चहाच्या टपरीवर कॉलेजची पोरं होती. दोघं-तिघं धावत आली, बाकीची, ती वळायला लागली तेव्हापासूनच, मोबाईल धरून उभी होती.

"सरका," ती म्हणाली. कोपर सोलपटलं होतं. तिनं गाडीचं बटण बंद केलं, पाठ गाडीला लावली, गुडघ्यात वाकून एक हात हँडलला, एक मागच्या कडीला घातला आणि पायांच्या जोरावर गाडी उभी केली. बसलेली जनावरं उठवण्यात जिचं निम्मं आयुष्य गेलं, तिला हे काही नवं नव्हतं. मग ती परत बसली आणि चालवतच शोरूमला आली.

क्लचची दांडी वाकली होती. जयराज म्हणाला, "बघा मॅडम, तरी आम्ही सांगत होतो."

"दांडी बदला, पैसे मी देते. आन मग दुसऱ्यांदा द्या. निम्मी चूक माझी हुती, पुढचा ब्रेक दाबायला नको हुता. पर निम्मी गाडीची हाय. ती मला बघायची हाय."

"सॉरी. आता नाही देता येणार."

उभी करतानाची चित्रफीत कुणी टाकली नाही. पडतानाची मात्र संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्यात फिरली. दुसऱ्या दिवशी ती ज्या गोठ्यात गेली तिथं आधी मोबाईल बघून हसू दाबलेलं, आणि मग "लागलं का वं ताई?" कुपवाडच्या फाउंड्रीत तानाजीलाही दाखवली गेली. तो जेवताना खाली मान घालून म्हणाला, "झालं की आता. फिटली हौस."

"फिटली कुटं? अजून सुरूच झाली न्हाई."

"दीपा, लोक हसत्यात."

"मग? हसून हसून दमतील. मी काय कुणाच्या डोस्क्यावर पडले व्हय?"

"पर तुला ती पायजे कशाला, येवढं तरी सांग."

"मला ती पायजे का नको, तेच बघायचं हाय. ते बी बघू देत न्हाई कोन. पुरुष जातोय, चालवतोय, न्हाई आवडली तर म्हनतोय न्हाई आवडली. मी मात्र आधी कशाला ते सांगायचं, मग कुणाला तरी संगं आणायचं, आन मग पडायचं बी न्हाई."

तानाजी भाकरीचा तुकडा मोडत बसला.

पुढच्या रविवारी ती आपल्या जुन्या मोटारसायकलवरून एकटीच साताऱ्याला गेली. तिथल्या शोरूममध्ये टेस्ट राईडचं काम क्रांती शेडगे नावाच्या बाईकडं होतं. दीपमालानं तोंड उघडलं ते भांडायच्याच तयारीनं. "मी सांगलीत पडलेली बाई हाय. ती व्हिडिओतली. आधीच सांगते."

क्रांतीनं विचारलं, "लायसन आहे? हेल्मेट आणलंय? बूट घोट्याच्या वर आहेत ना? मग चला. मी अशाच दुसऱ्या गाडीवर पुढे राहते. कुठे न्यायचीय?"

दीपमालाच्या अंगात भांडण तयार होतं आणि समोर भांडायला कुणी नव्हतं. "घाटात," ती म्हणाली. "आन एक खराब रस्ता. आन एकदा गर्दीत."

पोवई नाक्याच्या गर्दीतून दोघी निघाल्या. रविवार असूनही गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. थांबत, सरकत, थांबत जाताना दीपमालाच्या उजव्या मांडीवर इंजिनाचा गरम वारा येऊ लागला. आधी ऊब, मग चटका. पहिल्या गिअरमध्ये हळू न्यायची म्हटलं तर गाडी हिसके द्यायची. दावं ताणणाऱ्या वासरासारखी.

यवतेश्वरचा घाट लागला आणि सगळं विसरायला झालं. गाडी वळणात झुकली की तिथंच राहायची, डुगडुगायची नाही. ब्रेक एका बोटानं लागत होते. मनगट जरासं फिरवलं की रस्ता अंगावर धावून यायचा. खाली सातारा लहान होत गेला. हेल्मेटच्या आत दीपमाला मोठ्यानं ओरडली. तिथं ऐकायला कुणीच नव्हतं.

वर पोचल्यावर बाजूच्या गावाकडं जाणारा फुटका रस्ता तिनं धरला. पहिल्याच खड्ड्यात मागच्या चाकानं तिला सीटवरून उचललं आणि आपटलं. दुसऱ्यात कमरेत कळ आली. तिनं वेग कमी केला, जास्त केला, उभी राहून चालवली. फरक पडेना. मग एका रिकाम्या जागी तिनं गाडी वळवून बघितली. हँडल पुन्हा तसंच मध्येच अडलं. या वेळी तिनं नजर पुढं ठेवली, मागचा ब्रेक धरला, आणि दोनदा पुढंमागं करून वळली.

क्रांतीनंही तिथंच वळण घेतलं आणि तिलाही पाय टेकावा लागला. "हिचं हँडल कमीच फिरतं," ती हसली. "मीसुद्धा एकदा पाडलीय. शोरूमच्या दारातच."

टपरीवर चहा घेताना क्रांतीनं विचारलं, "मग? कशी वाटली?"

दीपमालानं त्या गाडीकडं बघितलं. इतकी देखणी, की नको म्हणायला मन होईना. त्यात दुसरंही एक होतं. आता ही गाडी घेतली, तीच, तिच्यावर बसून विश्रामबागेतल्या त्या काचेसमोरून गेली, तर सगळ्यांची तोंडं एका दमात बंद होणार होती. आणि घेतली नाही तर गाव म्हणणार, सांगितलं होतं की नाही, बाईला जमायची नाही. तिला पहिल्यांदा राग आला तो स्वतःचा. येवढी भांडली ती काय त्यांना दाखवायला?

"इंजिन लय गोड हाय," ती म्हणाली. "ब्रेक बी. घाटात तर पाखरू हाय. पर मांडी भाजती. हळू चालायचं हिला ठावं न्हाई. आन आमच्याकडचा रस्ता हिच्या कमरेला झेपत न्हाई, मग माझ्या कशी झेपंल? मी हिला न्हाई घेत."

"नक्की?"

"नक्की. दुसऱ्या कुठल्या हायत? सगळ्या काढा."

परत आल्यावर व्हायचं तेच झालं. लालासाहेब पाटलांच्या गोठ्यात ती हात धूत असताना आता काठीशिवाय उठता न येणारे पाटील खाटेवरून म्हणाले, "ऐकलं मी. साताऱ्याला बी गेलीस म्हनं. जमली न्हाई व्हय?"

दीपमालानं हात पुसले आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"जमली, पाटील. घाटात जमली, गर्दीत जमली, खड्ड्यात जमली. पटली न्हाई म्हणून न्हाई घेतली. तुमी बाजारात जाऊन दहा जनावरं बघून मोकळ्या हातानं परत येता, तवा तुमाला कोन इचारतंय का, पाटील, बैल झेपला न्हाई व्हय?"

पाटील खोकले. मग खोकत खोकतच हसायला लागले. गोठ्यातला गडीही हसला. दीपमाला मात्र हसली नाही. तिनं भांडं बांधलं आणि पुढच्या वस्तीकडं गेली.

पावसाळाभर सवड मिळेल तशी ती गाड्या चालवत राहिली. साताऱ्याला, सांगलीतल्या दुसऱ्या एका शोरूमला, एकदा कऱ्हाडलाही. कुठं नकार मिळाला, कुठं सेल्समन मागे बसण्यावर अडून राहिला, तिथून ती उठून आली. एका गाडीत दम नव्हता, एकीचं हँडल लांब पडायचं. क्रांतीचा फोन आला तो दसऱ्याच्या आधी. जोड-सिलिंडरची, बसायला थोडी बुटकी, अशीच उघडी गाडी आली होती. दीपमालानं ती तीन वेगवेगळ्या रस्त्यांवर चालवली. मग एकदा गर्दीत मुद्दाम नेली. मग म्हणाली, "व्हय. ही."

ती साताऱ्याहून आणायला तानाजी बरोबर आला. त्यानं फाउंड्रीतून रजा काढली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. शोरूमच्या माणसानं सवयीनं किल्ली त्याच्यापुढं धरली. तानाजीनं हात मागे घेतला आणि बायकोकडं बोट केलं. हार, नारळ झालं. दीपमाला पुढं बसली, तानाजी मागे.

गाडी हायवेला लागली. उंब्रजच्या पुढं आल्यावर त्यानं खांद्यावर थाप मारली.

"दीपा, मागची सीट लय कडक हाय गं. दगडावर बसल्यागत वाटतंय."

"व्हय. मला म्हाईत हाय. मागं बसून बी बघितलंय मी."

"मग तरी घेतलीस?"

"मला मागं बसायचं न्हाई," ती ओरडून म्हणाली. "लय टोचत असंल तर उतरा. कऱ्हाडातनं यष्टी मिळंल."

कऱ्हाडचा स्टँड आला. तिनं वेग कमी करून त्याला एक संधी दिली. तानाजीनं तिच्या कमरेला धरलेला हात जरा घट्ट केला. तिनं गिअर टाकला.