शेडपर्यंतचा डोंगर

चार माणसं वर्षानुवर्षं दर रविवारी एकाच डोंगरावर जायला लागली की किस्से आपोआप साठत जातात. घरातल्या माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात ना, तसेच! कोणी मुद्दाम जमवत नाही, आणि टाकून द्यायला कोणाचा हात धजावत नाही. आमचा माळा म्हणजे वसईजवळच्या कामण गावामागच्या डोंगरावरची शेड. ती गेली, बरण्या मात्र माझ्याकडेच राहिल्या. म्हटलं, उघडून बघू.

शेड म्हणजे काय? पायवाटेच्या मध्यावर तीन बाजूंना दगडी भिंती, वर गंजका पत्रा, आणि पुढे दार. दाराला दार नव्हतंच! नुसती चौकट आणि वर एक आडवा वासा. ती कोणी बांधली हे गावात ज्याला विचाराल तो वेगळं नाव सांगायचा. आम्हाला ती आयती मिळाली आणि आम्ही ती आपली समजून बसलो.

आम्ही चौघं. सांडोरचे फिलिप अंकल, घरची केळीची वाडी. पाचूबंदरच्या हिरामावशी, मासळीची टोपली सुनेच्या हाती सोपवल्यापासून रविवारी मोकळ्या. "जनमभर पानी बघितला, आता डोंगर बघते," हे त्यांचं डोंगरावर यायचं कारण. तिसरे देशपांडे सर, बार्शीहून वसईत फ्लॅट घेऊन आलेले निवृत्त भूगोलाचे मास्तर. आणि चौथी मी, बँकेतली नोकरी आणि गुडघे दोन्ही सांभाळत चालणारी!

*

फिलिप अंकल चर्चमधली सकाळची पहिली मिस्सा उरकून यायचे आणि वर पोचायचे मात्र शेवटी. एक गुडघा दुखरा, आणि त्यात वाटेत दिसेल त्या झाडाची विचारपूस करायची सवय.

अगदी सुरुवातीची गोष्ट. आम्ही तिघं वर पोचलो, भुकेने जीव चाललेला, अंकलचा पत्ता नाही. थोडं थोडं म्हणत सगळेच डबे संपले. अंकल आले तेव्हा उरलं होतं फक्त माझ्या डब्याच्या झाकणातलं लिंबाचं लोणचं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी शांतपणे बसून ते लोणचं बोटाने चाटून संपवलं आणि अगदी कौतुकाने विचारलं, "बाय, लोनचा मस्त झालाय! कशाबरोबर खाल्लात?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं! हिरामावशींनी तिथल्या तिथे कायदा केला. शेवटचा माणूस आत येऊन बसल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मग तो झाडाशी बोलत असो नाहीतर झाडावर बसलेला असो. त्या दिवसापासून तो कायदा कोणी मोडला नाही.

दुसरा कायदाही मावशींचाच. चपला दाराबाहेर. "जिथं जेवतो तिथं चपला? मंग रस्त्यावरच जेवा ना!"

*

दारावरचा तो आडवा वासा आणि देशपांडे सरांचं डोकं यांचा काहीतरी जुना ऋणानुबंध असावा. सर सहा फूट उंच. पहिल्याच रविवारी खाडकन आवाज झाला आणि सर दारातच मटकन बसले.

पुढच्या खेपेला मी वाशाला लाल फडकं बांधलं, लांबूनच दिसावं म्हणून. सर दारापाशी आले, फडक्याकडे टक लावून बघितलं, "कल्पना छान आहे हं!" म्हणाले, आणि खाडकन!

मग सरांनी स्वतःच घरून जुन्या उशीचा स्पंज आणला आणि वाशाच्या बरोबर मधोमध बांधला. झालं, प्रश्न मिटला. त्या दिवशी सर कोपऱ्यात धडकले.

फिलिप अंकल उंचीने बेताचे, त्यांचं डोकं वाशाला कधीच लागलं नाही. ते आत बसल्या बसल्या म्हणायचे, "सर, देवान शेड माझ्या मापान बनवली. तुमी आपले पावने!"

*

सर पक्के शाकाहारी. मावशींच्या डब्यात भाजलेले सुके बोंबील. बाहेर धो धो पाऊस, आत चार माणसं आणि तो वास!

पहिल्या रविवारी सर छत्री उघडून दाराबाहेर बसले. दुसऱ्या रविवारी उंबऱ्यात. मग पावसाचं निमित्त करून हळूहळू आत सरकायला लागले. श्रावण आला तोवर मावशींच्या शेजारी पोचले होते.

"वास तसा काही अगदीच वाईट नाही," एकदा सर म्हणाले.

मावशींनी डबा त्यांच्यापुढे सरकवला. "सर, श्रावन चाललाय. नुसता वास घ्या, त्यानं काय मोडत नाय!"

पुढे गणपती झाल्यावर काय घडलं ते मी सांगणार नाही. सरांच्या मिसेस वाचतील.

*

पत्र्याला भोकं होती. ती कुठे आहेत हे ठाऊक असल्यामुळे ज्याची त्याची जागा ठरलेली. मागच्या भिंतीला टेकून अंकल, त्यांच्या उजवीकडे मावशी, समोर मी, आणि मावशींच्या पलीकडे, दाराच्या बाजूला सर. पाहुणा आणला तर त्याला गळक्या जागेवर बसवायचा शिरस्ता होता.

एकदा सर गप्पांच्या नादात जागा सोडून तिथे बसले, चहाचा पेला खाली ठेवून. बार्शीच्या दुष्काळावर बोलत होते. अधूनमधून घोट घेत होते. बऱ्याच वेळाने पेल्यात डोकावून म्हणाले, "काय हो, आज चहा संपतच नाहीये!"

आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. दुष्काळाचं बोलणं चालू होतं ना!

*

मग मागची भिंत फुगली. आधी थोडी, पुढच्या पावसाळ्यात चांगलीच. एक दिवस दारावर पाटी लागली, 'धोकादायक, आत बसू नये'. आम्ही ती आत बसूनच वाचली.

पाडायचं बघायला एक सुपरवायझर आले होते. भला माणूस. समजुतीने सांगत होते, "काका, जुनं झालंय, कधीही पडेल. कोणाच्या अंगावर नको."

अंकल काठीवर रेलून म्हणाले, "मी पन जुना झालोय, कदी पन पडेन. मला कवा काढता?"

सुपरवायझर हसले. आम्हीही हसलो. अंकल हसले नाहीत.

उतरताना ते माझ्याशी बोलले. "बाय, माझा गुडघा शेडपर्यंतचाच हाय. शेड गेली का माझा डोंगर पन गेला. मी नाय येनार मंग."

त्यांच्या मिसेस, ॲग्नेस आंटी, गेल्यापासून अंकल घरात एकटेच. मुलगा परदेशात. आंटी होत्या तेव्हा रविवारचं जेवण म्हणजे घरभर माणसं. त्या गेल्यावर अंकल रविवारी दुपारी घरात थांबायचेच नाहीत, म्हणून तर आमच्यात आले होते. शेडसाठी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जास्त काळजी वाटली ती त्यांच्या रविवार दुपारची.

*

शेवटच्या रविवारी सरांनी निरोपाचं भाषण लिहून आणलं होतं. 'हे निवाऱ्या,' अशी सुरुवात. मावशी मध्येच म्हणाल्या, "सर, भूक लागलीय." तेवढ्यावर भाषण आटोपलं.

जेवून निघालो. सर सर्वांत शेवटी बाहेर आले, रुमालाने डोळे पुसत.

"काय झालं सर?"

"काही नाही. वासा लागला."

ते वाकून बाहेर आले होते, मी बघितलं होतं. पण मीही म्हटलं, "हो, तो लागतोच." आणि त्यांच्याकडून रुमाल घेतला, कारण मलाही तो लागला होता.

*

शेड गेली. पुढच्या रविवारी अंकल आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की म्हणायचे, "गुडघा, बाय." आम्ही तिघंही गेलो नाही, कसनुसं वाटायचं.

शेवटी हिरामावशी उठल्या आणि थेट सांडोरला अंकलच्या ओटीवर जाऊन उभ्या राहिल्या. सोबत मी होते. अंकल केळीचे घड बांधत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मावशी म्हणाल्या, "उद्या आमी वर जातोय. डबे घेऊन. कायदा ठाऊक हाय ना? तुमी आले तं जेवू, नाय तं उपाशी उतरू. सरांना शुगर हाय, बघा तुमचं तुमी!"

अंकलनी पुढचा घड बांधायला घेतला.

रविवारी आम्ही तिघं वर पोचलो. काही नव्हतं हो! दगड एका बाजूला रचून ठेवलेले, पत्रा नेलेला, आणि मातीत जोत्याची पुसट चौकट. आम्ही दार होतं तिथे चपला काढल्या. सर आत शिरताना वाकले. कोणी हसलं नाही. मग ज्याच्या त्याच्या जागेवर बसलो, डबे बंद ठेवून.

ऊन वर चढलं. डब्यांवर ऊन, डोक्यावर ऊन. मी पायवाटेकडे बघत होते. सरांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि मावशींनी दोनदा सरांकडे. शेवटी मीच हळूच म्हटलं, "सरांनी निदान बिस्कीट तरी..."

"नाय," सर म्हणाले. अगदी मावशींसारखं, "नाय!"

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. फिलिप अंकल! पायवाट सोडून मागच्या चढावरून, धापा टाकत, घामाने निथळत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात केळ्यांची पिशवी. आम्हाला बघून ते थेट आमच्याकडे यायला निघाले, पायाखाली जोत्याची रेघ आली, आणि हिरामावशी केवढ्याने ओरडल्या,

"अवं, तिकरं भिंत हाय! दारानं या, दारानं!"

अंकलनी उचललेला पाय तसाच मागे घेतला. एकदा मावशींकडे बघितलं, एकदा खाली मातीकडे. मग तो दुखरा गुडघा ओढत, काठी टेकत, अख्ख्या शेडला वळसा घालून ते पुढे आले, चपला काढून आमच्या चपलांशेजारी ठेवल्या, आत येऊन आपल्या जागेवर बसले आणि म्हणाले,

"हां. उघडा आता डबे!"