हात न लावायचं दुकान

इकडे हिंदी मुलखात, आमच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत मुलीचं लग्न ठरलं की हॉल आणि आचारी यांच्या पाठोपाठ मला फोन येतो. रुखवत मी मांडते. पायऱ्या किती, मागचा पडदा कुठल्या रंगाचा, कुठली वस्तू वर आणि कुठली खाली, हे सगळं मी ठरवते. त्यामुळे धाकट्या जावेने टोपी बाजाराजवळ दुकान भाड्याने घेतलं तेव्हा ते कोण लावणार, हा प्रश्नच निघाला नाही. शनिवारी कचेरीला सुट्टी होती. मी टेप घेऊन पोचले.

दुकान म्हणजे पुढे एक लहान खोली आणि तिच्या मागे तेवढीच दुसरी, जिचं दार बाजूच्या बोळात उघडतं. माल जावेचा आणि तिच्याबरोबर शिवणाऱ्या बायकांचा: कापडी बाहुल्या, दुपटी, तोरणं, गौरींचे शेले. यासाठी तिने मुरारच्या शाळेतली नोकरी सोडली होती. तिथल्या मोठ्या बाई मुलांसमोर तिचा पाणउतारा करायच्या आणि ती घरी येऊन न जेवता झोपायची. दिवाळीपर्यंत दुकान चाललं नाही तर त्याच शाळेत परत जायचं, असं तिचं आणि दिरांचं ठरलं होतं.

दुकान कसं लावावं याचे दोन-चार व्हिडिओ मी पाहिले होते. दारातली जागा मोकळी ठेवा, गिऱ्हाईक उजवीकडे वळतं, चांगला माल नजरेच्या उंचीवर ठेवा. सगळं पाळलं. पण हात रुखवताच्या वळणावर गेला. तिन्ही भिंतींना पायऱ्या करून घेतल्या, त्यांवर पांढरं कापड घातलं, बाहुल्या उंचीनुसार उभ्या केल्या, शेल्यांचे पंखे केले आणि त्यांवर पारदर्शक कागद चढवला. वरून दिवे सोडले. उंबऱ्यात रांगोळी काढली. जाऊ म्हणाली, "वहिनी, फार सुंदर दिसतंय." मी म्हटलं, दिसणारच.

लोक आले. दारात चपला काढून आत आले. रुखवतासमोर उभं राहतात तसे हात मागे बांधून उभे राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकले, "वा, सुरेख" म्हणाले आणि चपला घालून गेले. एका बाईने हे सगळं कोणाच्या मुलीचं, असंही विचारलं. ही माझ्या कामाची पावती आहे असं मला वाटलं. चपला बघून तर मी खूश झाले होते.

विक्री कशी चाललीय विचारलं की जाऊ ठीक आहे म्हणायची. माल संपत होता, बायका नवीन शिवत होत्या, म्हणजे ठीकच असणार. पायऱ्यांवरच्या बाहुल्या मात्र त्याच होत्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

गौरींच्या आधी एका दुपारी मी कचेरीतून लवकर सुटले आणि झालरीचं कापड द्यायला गेले. पुढे गाड्या अडकल्या होत्या म्हणून स्कूटर बोळात घातली. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत सतरंजीवर सहा-सात बायका बसलेल्या, मधे बाहुल्यांचा आणि शेल्यांचा ढीग. कोणी बाहुलीचं पोट दाबून बघत होती, कोणी शिवण उलटी करून, कोणी शेला स्वतःच्याच खांद्यावर टाकून शेजारणीला दाखवत होती. भावावरून घासाघीस चालली होती. जाऊ मधे मांडी घालून बसली होती आणि हसत होती. तिला दुकानात इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं.

एकीने पुढच्या दुकानातली निळी बाहुली मागितली.

"वो रहने दो भाभी," जाऊ म्हणाली. "आगे का जेठानीजी ने लगाया है, वहाँ का कुछ हिलता नहीं. वैसी ही इधर ढूँढ लो."

"आगे तो आपका मंदिर है," ती म्हणाली.

"और जेठानीजी पुजारिन," दुसरी म्हणाली. "चप्पल उतरवाती हैं, परसाद नहीं देतीं."

सगळ्या हसल्या. जाऊही हसली, पण मग म्हणाली, "मन की बुरी नहीं हैं." ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मी स्कूटर ढकलत बोळाबाहेर काढली, सुरू केली नाही. आवाज झाला असता. कापड तसंच घरी आणलं आणि कोणाला काही बोलले नाही.

गौरी-गणपती झाल्यावर दुकानाचे मालक आमच्याकडे आले. दिवाळीपासून मागची खोली त्यांना गोदामाला हवी होती. पुढची ठेवायची असेल तर ठेवा, म्हणाले. ते गेल्यावर जाऊ पेले उचलता उचलता म्हणाली की मग दुकान सोडूनच देऊ, दिवाळीनंतर शाळेत जाते. का, ते सांगितलं नाही. दीर पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. आमचे हे उठून उगाच पंख्याचं बटण बघायला गेले. तेव्हा मला कळलं की विक्री सगळी मागच्या खोलीत होते, पुढचं काही खपत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. ती शाळेतल्या त्या मोठ्या बाईंची बोलणी पुन्हा ऐकायला तयार होती, पण पुढच्या पायऱ्या काढा असं मला सांगायला तयार नव्हती.

मी म्हटलं, "उद्या पुढचं सगळं खाली काढू."

"कशाला वहिनी? छान दिसतंय."

"छान दिसतंय म्हणूनच. मी बोळातून आले होते एकदा. ऐकलंय मी."

तिचा चेहरा उतरला. हातातले पेले तिने परत टेबलावर ठेवले. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, की मला सरळ सांगायला काय झालं होतं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला या घरात कोण काय सांगतं?"

यावर कोणीतरी नाही म्हणेल म्हणून मी थांबले. कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी पायऱ्या निघाल्या. कुठे काय ठेवायचं ते तिने ठरवलं, मी टेप धरला. मधे गुडघ्याएवढा उंच, रुंद पाट, त्यावर बाहुल्यांचा ढीग, भिंतीशी टोपल्या, खाली सतरंजी. माझ्या नजरेला ते लग्नानंतरच्या आवराआवरीसारखं दिसत होतं. मी टेप गुंडाळून पिशवीत टाकला. त्या आठवड्यात मालकांशी पुढच्या खोलीचा करार झाला आणि शाळेला तिने येत नाही म्हणून कळवलं.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा दुकान भरलं होतं. मला बघताच बायकांनी ढिगातले हात काढून घेतले. एक तर दारातल्या चपला सरळ करू लागली. मी म्हटलं, अहो घ्या ना, बघा ना. कोणी हलेना. मी एक बाहुली उचलून दाबून दाखवली, तर त्या आणखीच सावरून बसल्या.

"वहिनी," जाऊ आतून म्हणाली, "तुम्ही जरा फूलबागेपर्यंत जाऊन या."

तिने मान खाली घातली नाही. मी बाहुली ढिगात ठेवली आणि बाहेर पडले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत आतली घासाघीस पुन्हा सुरू झाली होती.