लग्नाचा बार

जगातलं कुठलंही काम डोळे मिटून बसलं की निम्मं होतं असं मानणारा, आणि उरलेलं निम्मं तसंच राहिलं तरी ज्याच्या मनाला फारसं लागत नाही असा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि दैवाने तो मला साडू म्हणून दिला आहे. हे माझे थोरले साडू मूळचे मिरजेचे. ऐन तारुण्यात बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. सगळा गोतावळा त्यांना अण्णा म्हणतो, मीही म्हणतो. कुठलीही गोष्ट करायची झाली की अण्णा आधी तिथे ‘जाऊन येतात’. म्हणजे व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसतात, चष्मा काढून खिशात ठेवतात आणि डोळे मिटतात. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा झोपला. पण आपण विचारलं, “अण्णा, कुठे आहात?” की लगेच उत्तर येतं, “बँकेत. स्वल्प थांब, रांग आहे.” नवा फ्रिज घ्यायचं ठरलं तेव्हा ते अख्खा उन्हाळा मनाने त्या फ्रिजबरोबर राहिले, आणि पावसाळ्यापर्यंत त्यांना त्याचा इतका कंटाळा आला की शेवटी जुनाच दुरुस्त करून घेतला. काश्मीरला तर ते इतक्यांदा जाऊन आले आहेत की माझी मेव्हणी, म्हणजे आमची अक्का, एकदा म्हणाली, “पुढच्या वेळी मलाही न्या. मी स्वेटर घालून शेजारी बसते.” अण्णा कानडीत “सरी”, म्हणजे बरं, म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

तर अशा या माणसाने, ज्याच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून, त्यात मद्यार्क नाही अशी खात्री झाल्यावरच येतं, लेकीच्या लग्नाच्या रिसेप्शनला स्वतःच्या हाताने दारूचा बार मांडला. तोही केवळ एका शब्दापायी. आमच्या भाचीने पसंत केलेला मुलगा बसवनगुडीतल्या कानडी घरातला. मुलगा लाखात एक. तिच्यासाठी हौसेने मराठी शिकत होता, आणि शिकता शिकता आपल्या भाषेतून नपुंसकलिंग कायमचं हद्दपार करत होता. “तुमचा घर फार छान आहे,” असं पहिल्याच भेटीत म्हणाला. कानडीत सासऱ्याला मावा म्हणतात, म्हणून तो अण्णांना मावा म्हणायचा, आणि अण्णांना खव्याचे पदार्थ प्रिय असल्यामुळे त्यांना ते गोडच लागायचं. एका रविवारी चहा पिता पिता अण्णा आपल्या मिरजेच्या सवयीने म्हणाले, “आता लांबण नको. थंडीत लग्नाचा बार उडवून टाकू.” मुलाने कप खाली ठेवला. डोळे मोठे करून तो म्हणाला, “मावा, तुमचा मन फार मोठा आहे.” पोराला लग्नाची घाई झाली आहे एवढाच अर्थ आम्ही काढला आणि हसलो. संध्याकाळी त्याच्या मामांचा फोन आला. हे मामा फौजेतून निवृत्त झालेले. ते इंग्रजीत म्हणाले, तुमच्यासारखा मोकळा माणूस आमच्या नात्यात नव्हता, आता सोडा आमच्याकडून. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला.

भाचीने कपाळावर हात मारला. बंगळूरात वाढलेली ती, बापाला अप्पा म्हणते. “अप्पा, बार उडवणं म्हणजे काय ते मी त्याला आत्ताच्या आत्ता सांगते.”

“सांगायचं नाही,” अण्णा म्हणाले. एवढ्या ठामपणे ते एरवी दूधवाल्याशीही बोलत नाहीत. मग त्यांनी, कधी नव्हे ते डोळे उघडे ठेवून, आपली जुनी हकिगत सांगितली. कारखान्यात नवे असताना त्यांनी मोठ्या धिटाईने साहेबांना कानडीत सांगितलं होतं की, रजेवर गावी जातो आहे, येताना बायकोला घेऊन येईन. आता कानडीत बायकोला म्हणतात हेंडती आणि ताडीला म्हणतात हेंड. अण्णा शेवटचं अक्षर विसरले. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, किती आणणार, आणि सगळं खातं खिदळलं. अक्का मिरजेहून आली तेव्हा तिला बघायला जी माणसं जमली ती का हसताहेत हे त्या बिचारीला कळेना. “त्यानंतर मी त्या खात्यात कानडीचा एक शब्द उच्चारला नाही,” अण्णा म्हणाले. “हसलं की माणूस गप्प होतो. या पोराला आपणहून समजलेलं हे पहिलं मराठी वाक्य आहे. चुकीचं का होईना, समजलं. उद्या तुझ्या घरात तुझ्याशी मराठी बोलणारा तोच एकटा असणार. तो गप्प झाला तर तू भांडशील कुठल्या भाषेत?” भाची उगाच पदराशी खेळावं तशी ओढणीशी खेळत बसली. अण्णांच्या घराण्यात दारू ही नेहमी व्याकरणाच्या दारातूनच आली आहे, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज दुपारी बारमध्ये जाऊ लागले. “कुठे आहात?” विचारलं की शांतपणे म्हणायचे, “बारमध्ये.” पहिल्यांदा हे उत्तर शेजारच्या बाईंनी ऐकलं तेव्हा अक्काने व्हरांड्याचं दार लोटून घेतलं. मंगल कार्यालयात असलं काही चालणार नव्हतं, म्हणून आनेकलच्या पुढे अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्याची आमराई होती ती ठरली. अण्णा मिटल्या डोळ्यांनी त्या आमराईत हिंडून मला सांगायचे, “दिवे लागलेत. वारा आहे थोडा. टेबल या झाडाखाली नको, वर मुंग्या आहेत.” मी मुंग्यांची सोय काय करायची ते विचारायचो. खरं सांगतो, त्यांच्याशेजारी बसून माझेही डोळे जड व्हायचे आणि मलाही ते दिवे दिसायला लागायचे. बाकी परवाना मात्र त्यांनी खराखुरा, रांगेत उभं राहून काढला. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, तो परवान्याशिवाय ताकसुद्धा वाढणार नाही. चिकपेटेतून टेबलावर घालायला कापड आणलं ते जरीकाठाचं, कारण चौरंगावर घालतात त्याहून वेगळं कापड त्यांना सुचेना. शिवाजीनगरच्या भांड्यांच्या गल्लीतून ग्लास आणले, प्रत्येक ग्लास उजेडात धरून. मग आम्ही दोघं दारूच्या दुकानात गेलो. अण्णांनी कापडी पिशवी काखेत मारली होती, आणि दारातच त्यांनी सवयीने चपला काढल्या. दुकानदाराने दोन-चार बाटल्या पुढे ठेवल्यावर अण्णा कानडीत म्हणाले, “स्वल्प चाखायला द्या.” मग माझ्याकडे बोट करून, “मला नको, यांना.” फरसाणाच्या दुकानात मिळते तशी वानगी आपल्यालाही मिळेल अशी त्यांची कल्पना. दुकानदार हात जोडून म्हणाला, “हागेल्ला कोडोल्ला, सार,” म्हणजे तसं काही देत नाही. पण लेकीचं लग्न आहे म्हटल्यावर त्याने एक जाड काचेची, फसफसणाऱ्या वाइनची बाटली काढून दिली. “इदू फर्स्ट ओपन माडी, सार,” म्हणजे ही सगळ्यात आधी उघडा, असं सांगितलं. अण्णांनी ती नारळासारखी पिशवीत वेगळी ठेवली.

बार सांभाळायला माणूस ठेवा, असं मी सुचवलं, तर अण्णा दुखावले. “माझ्या पाहुण्यांना परका माणूस वाढणार?” त्यांच्या लेखी ती पंगत होती, आणि पंगतीत यजमान स्वतः वाढतो. घरी रंगीत तालीम झाली. व्हिस्कीच्या जागी चहाचं कोरं पाणी, वाइनच्या जागी कोकम. मी पाहुणा. माझा पहिला ग्लास संपायच्या आत अण्णा जवळ आले आणि म्हणाले, “एवढ्यात हात आखडलात? घ्या घ्या, लाजू नका, माझ्यासाठी अर्धा.” जिलबीचा आग्रह करावा तसा त्यांनी मला कोऱ्या चहाचा आग्रह केला. भाची किंचाळायच्या बेतात होती. “अप्पा, इथे आग्रह करायचा नसतो.” अण्णांचा चेहरा उतरला. आग्रह नाही तर मग यजमान तिथे उभा कशाला राहायचा, हे त्यांना समजेना. शेवटी तोड अक्काने काढली. ती इतके दिवस या प्रकाराकडे पाठ करून बसली होती, पण उपाशीपोटी घेतलं तर त्रास होतो असं कुठूनसं ऐकून आली आणि चिवडा, कोडबळी, खारे दाणे असे डबेच्या डबे भरायला लागली. “आग्रह याचा करा,” ती म्हणाली.

रिसेप्शनच्या संध्याकाळी आमराई अगदी अण्णांनी सांगितली होती तशी होती. दिवे तसेच, वारा तसाच, मुंग्या नसलेलं झाडही तेच. जरीकाठाच्या कापडावर बाटल्या ओळीने उभ्या, आणि मागे रेशमी सदरा घातलेले अण्णा. पाहुणे जमले, मामा सगळ्यात पुढे. आणि मग कळलं की बाटल्या उघडायला काहीच आणलेलं नाही. अण्णांनी इतके दिवस जो बार पाहिला होता त्यात बाटल्या आधीपासून उघड्याच असायच्या. त्यांनी खिसे चाचपले, एकदा डोळेही मिटून पाहिले. मुलाचे मित्र एकमेकांकडे बघून हसू आवरत होते. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या, आणि मला त्यांचं ते खातं आठवलं.

तेवढ्यात नवरा मुलगाच स्टेजवरून उतरून आला. त्याने ती जाड काचेची बाटली उचलली, तारेचा पीळ सोडला आणि बुचाखाली अंगठे लावले. फटाका फुटावा तसा आवाज झाला. बूच आंब्यात गेलं आणि पाखरं उडाली. मुलगा अण्णांकडे वळून म्हणाला, “मावा, लग्नाचा बार उडाला.”

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. “तुला... कधी कळलं?”

“तुम्ही ग्लास आणायला गेला होता, तेव्हा. पण तुम्ही इतका खूश होता.” मग खाली बघून म्हणाला, “आणि मावा, मी पण घेत नाही. मला वाटला, तुम्हाला हवा आहे.”

अण्णांनी त्याला जवळ ओढलं. हार दोघांच्या मध्ये चुरगळला. मग मामांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून सगळ्या प्रकारची हत्यारं निघाली आणि बार सुरू झाला. पण दर घोटामागे अण्णा इतक्या कळकळीने चिवडा वाढत होते की अर्ध्याहून अधिक बाटल्यांची सीलं तशीच राहिली. सासरा आणि जावई बाजूला उभे राहून कोकम पीत होते, आणि अण्णांनी एकदाही त्याचं लिंग सुधारलं नाही.

ती दोघं आता नोकरीसाठी जर्मनीत असतात. फोन येतो, पण तिकडच्या वेळा वेगळ्या आणि पोरं कामात. अण्णांचं घर फार शांत झालं आहे. परवा दुपारी गेलो तर अक्का आत आडवी झाली होती आणि अण्णा वेताच्या खुर्चीत, चष्मा खिशात. शेजारची खुर्ची ओढून मी हळूच विचारलं, “अण्णा, कुठे आहात?”

“लेकीकडे. स्वयंपाकघरात.” त्यांनी कान दिल्यासारखी मान कलती केली. मग म्हणाले, “भांडण चाललंय दोघांचं.”

“मग मिटवा की.”

“छे,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले, “चालू दे स्वल्प. मराठीत चाललंय.”