पडद्यामागचा धाकटा

आमच्या घरात दोन भाऊ होते आणि दोन बैल. पैकी बैलांचं एकमेकांशी बरं होतं.

थोरला किसनदादा, धाकटा मी. वडील गेल्यावर काही दिवस कसेबसे एका चुलीवर काढले आणि मग एकदाची वाटणी झाली. (कारण विचारू नका. ते आम्हा दोघांपैकी एकालाही धड सांगता येत नव्हतं. ज्याला सांगता आलं असतं त्यानं भांडण तिथंच जिंकलं असतं!) घराच्या मधोमध कुडाची भिंत आली. तिफण दादाकडे गेली, जू माझ्याकडे आलं. बैल एकेक. मला हौशा, दादाला पाखऱ्या. आईनं दोघांकडे नीट बघून घेतलं, अंगणात स्वतःची तिसरी चूल मांडली आणि जाहीर केलं, "जवर ह्या दोन बैलांच्या मानंवर एक जू दिसत न्हाई, तवर मी तुमच्या कुनाच्याबी चुलीवरचं खानार न्हाई!"

आता, एका बैलानं पेरणी होत नाही हे आमच्या रानातल्या टिटवीलाही ठाऊक होतं. मृग तोंडावर आलेला. दादा वाट बघत होता की मी पाखऱ्या मागायला जाईन. मी वाट बघत होतो की तो हौशा मागायला येईल. आई वाट बघत होती की आम्हा दोघांना अक्कल येईल. तिची वाट सगळ्यांत लांबची!

शेवटी मी शेजारच्या भिवाकाकांचा बैल मागून आणला आणि हौशाच्या जोडीला वखराला जुंपला. तेव्हा कळलं की हौशाला जन्मापासून उजवीकडे चालायची सवय, आणि भिवाकाकांचा बैलही उजवीकडचाच. डावीकडे कुणी जाईना. दोघं एकमेकांना रेटत एका जागी गरगर फिरले, मीही त्यांच्यामागे फिरलो, आणि रानात एक सुबक गोल तेवढा उमटला. दादा बांधावर उभा होता. आमचं बोलणं बंद होतं, म्हणून तो आपल्या बैलाशी बोलला.

"पाखऱ्या, बघ बे! लोकं पेरायच्या आदीच मळनी करायलेत!"

मीही हौशाच्या कानात, पण बांधापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "हौशा, काही लोकाकडं तिफन हाय, पन तिला वढायला काय त्यांच्या मिशा जुपायच्या का रं?"

कारण आमच्या घरात मिशी होती ती दादालाच. झुपकेदार, तेल पाजलेली, रुबाबदार. माझ्या ओठावर तेव्हा मोजके केस होते आणि तेही एकमेकांशी बोलत नव्हते. ही मिशीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिनंच घात केला.

अशात गेवराईला शिनेमाचा तंबू आला. मुका शिनेमा! चित्रं हलायची, माणसं तोंडं उघडायची-मिटायची, पण आवाज नाही. अधूनमधून पडद्यावर नागरी अक्षरं यायची. ती वाचून सांगायला पडद्यापुढं एक माणूस उभा असायचा आणि त्याच्या बाजूला पेटीवाला. "दोन भावांच्या वाटनीचा खेळ हाय," अशी बातमी आली आणि आमचं अख्खं गाव निघालं. आमच्याकडे दोन घरांत मिळून एक बैलगाडी होती, पण घरटी बैल एकच. म्हणून दादा चालत गेला, मीही त्याच वाटेनं, ढेकूळ फेकलं तर लागेल एवढं अंतर राखून चालत गेलो. आई भिवाकाकांच्या गाडीत ऐटीत बसून आम्हा दोघांच्या पुढं गेली.

तंबूच्या मधोमध पडदा. पलीकडच्या बाजूनंही चित्र दिसावं म्हणून त्यावर पाणी मारून तो ओला ठेवलेला. दादा पुढच्या बाजूला बसला, म्हणून अर्थातच मी मागच्या बाजूला बसलो. मागं चित्र उलटं दिसायचं. डावा हात उजवा व्हायचा आणि अक्षरं उजवीकडून डावीकडे पळायची. त्यात सांगणारा पलीकडं. पेटीच्या आवाजात त्याचं एक अक्षर आमच्यापर्यंत येईना. मागचे लोक कावले.

"आरं काय लिवलंय, कुनी सांगंल का?"

तेवढ्यात आमच्याच गावचा एकजण ओरडला, "आपला नाम्या हाय की! उर्दू शाळा शिकलाय त्यो!"

हे खरं होतं. निजाम सरकारच्या शाळेत मी चार इयत्ता उर्दू शिकलो होतो, आणि गावात मला मुन्शी म्हणत. मी उठलो. म्हटलं, उर्दू उजवीकडून वाचतात, ही अक्षरंही उजवीकडूनच चाललीत. हा तर आपल्या हातचा मळ! काठी घेऊन पडद्यापाशी जाऊन उभा राहिलो. पहिली अक्षरं आली. मी उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, मान तिरपी करून बघितलं. नागरी अक्षरं ती, त्यात उलटी; एक ओळखू येईल तर शपथ! पण आता मागे फिरणं मुन्शीला शोभलं नसतं.

पडद्यावर दोन भाऊ होते. एक झुपकेदार मिशीवाला, डोळे वटारणारा. दुसरा बिनमिशीचा, गरीब गायीसारखा. यात वाचायचं काय? आमच्या घरी रोजचाच खेळ तो!

"तर मंडळी," मी घसा साफ केला, "ह्यो मिशीवाला थोरला. अन् ह्यो बिचारा धाकटा!"

पुढचं आपोआप सुचत गेलं. मिशीवाल्यानं हात उगारला की मी सांगायचो, "थोरला म्हनतोय, तिफन माजी!" बिनमिशीवाल्यानं डोळे पुसले की, "धाकटा म्हनतोय, दादा, घे बाबा समदं, पन माज्या बैलाला उपाशी ठिवू नको!" (पडद्यावर बैल नव्हता. एक म्हातारी, एक पलंग आणि एक मोठा जिना एवढंच होतं.) लोक हळहळले. बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. मीही बाहीनं डोळे टिपले. इतका चांगला धाकटा मी कधी बघितला नव्हता, आणि तो मीच होतो!

मग मिशीवाल्यानं बिनमिशीवाल्याला घराबाहेर ढकललं. मी टिपेला गेलो, "बघा लोकहो! थोरल्यानं धाकट्याला भाईर काढलं! पाखऱ्याबी घेतला, तिफनबी घेतली!"

एवढ्यात पेटी थांबली. पडद्याच्या पलीकडून ओळखीचा आवाज आला.

"नाम्याऽऽ! काय बरळायलास बे? धाकट्यानं थोरल्याला भाईर काढलंय!"

"थोरल्यानं धाकट्याला!"

"आरं उलटं हाय त्ये!"

"तुला समदं उलटंच दिसतंय दादा, आज न्हाई, जलमापासून!"

"पडद्यामागं तू बसलायस का मी?"

बऱ्याच दिवसांनी आम्ही बैलांना मध्ये न घेता बोलत होतो. मागचे लोक माझ्या बाजूनं ओरडू लागले, पुढचे दादाच्या. दादाची सावली पडद्यावर मोठी मोठी होत आली. मी मिशीवाल्याच्या छातीवर काठी रोखली, "ह्यो! ह्यो बघा त्यो थोरला!" आणि जोर जरा जास्त झाला. ओला कपडा तो! काठी आरपार गेली. मी घाबरून ती मागे ओढली, तर तिच्या टोकाला अडकून दादाचा पटका अख्खा माझ्याकडे आला, आणि पाठोपाठ पडदा टरटर फाटत खालपर्यंत गेला. फटीत दादा उभा. उघड्या डोक्याचा. चारचौघांत थोरल्या भावाचा पटका काढला मी!

तंबूवाला धावत आला. "अरे मियां! परदा फाड दिये! अब क्या तुमारे मुँडाशे पे खेल दिखाऊँ?"

बायांच्या बाजूनं आई उठून आली. तिनं तंबूवाल्याकडून दाभण आणि सुतळी मागून घेतली.

"किसना, तू हिकडून. नाम्या, तू तिकडून. शिवा! अन् शिवस्तवर कुनी जागचं हललं तर तंगड्या मोडीन."

कंदील आले. मी मागे, दादा पुढे, मध्ये पडदा. दाभण मी खुपसायचो, दादा ओढायचा. तो खुपसायचा, मी ओढायचो. दोन्हीकडचे लोक ओरडत होते, "आवरा लौकर!" भावाशी न बोलता पडदा शिवता येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

"घे."

"दे."

"हळू बे, बोटात घुसली माज्या."

"लई लागलं का, दादा?"

त्यानं पलीकडून सुतळी ओढून घेतली. मग तो म्हणाला, "न्हाई. पटका दे माजा." मी फटीतून पटका दिला. त्यानं तो घेताना माझा हात क्षणभर धरून ठेवला. मला रडू आलं, आणि मी खुशाल रडलो. मध्ये पडदा होता.

खेळ पुन्हा सुरू झाला. शिवण अशी बसली होती की त्यावरून जाताना प्रत्येक माणसाच्या नाकाला मुरड पडायची. आईनं मला हाताला धरून पुढच्या बाजूला दादाशेजारी बसवलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला चित्र सरळ दिसलं. सांगणाराही नीट ऐकू आला.

"अन् मंडळी, आता ह्यो मिशीवाला धाकटा पस्तावतोय! ज्या बिनमिशीच्या, देवमानसासारख्या थोरल्या भावाला भाईर काढलं, त्याच्या पायावर डोकं ठिवतोय!"

मी खाली बघितलं. दादानं मिशीला पीळ भरला.

"काय मुन्शी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशा उजवीकडे, पाखऱ्या डावीकडे, मानेवर एकच जू. आईनं आधी बांधावरून खात्री करून घेतली आणि मग वहिनीच्या चुलीवरची भाकरी मोडली. मृग वेळेवर साधला.

दादा पुढं जन्मभर पाव्हण्यांना सांगायचा, "आमचा नाम्या माज्यासाटी गेवराईत भर तंबूत रडलाय, लोकालाबी रडवलंय!" मी कधी खोडून काढलं नाही. काढणार तरी कसं? थोरल्या भावाची बाजू मी आयुष्यात एकदाच घेतली, आणि तीही उलटी वाचून!