कडूनंतरचा पेला

कालिजेरो गावातल्या कुठल्याही आईला विचारावं, "बाई गं, तुझं पोर अंगावरच्या दुधापासून कसं तोडलंस?" ती सासूचं नाव घ्यायची नाही, सुईणीचंही नाही. एकच उत्तर यायचं, "सिम्बोक रुकिनेमच्या कडूनं."

सिम्बोक म्हणजे आई. पण रुकिनेमला अख्खा गाव सिम्बोक म्हणायचा, तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. ती जामू विकायची, म्हणजे झाडपाल्याचे काढे. पहाटे उठून पाट्यावर हळद, आलं, कचोरा, भिजवलेले तांदूळ वाटायचे, चिंच कोळायची, गुळवेल आणि किराईत उकळायचं, सगळं बाटल्यांत भरून तोंडाला केळीच्या पानाची बुचं मारायची. मग टोपली पाठीवर घेऊन रेघारेघांच्या कापडानं छातीशी गाठ मारायची आणि निघायचं. आधी बाजार, मग भाताची खाचरं, शेवटी नदीकाठची वीटभट्टी. बाटल्या एकमेकींवर आपटून किणकिणायच्या. त्या आवाजावर म्हणे कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या.

तिच्या कडूची तर कीर्तीच और. एकदा तिच्या पाट्यावरचं उरलंसुरलं शेजारच्या शेळीच्या पिलानं चाटलं. त्यानंतर दिवसभर ते पिलू आईच्या सडाकडे बघेना. शेळी बिचारी बें बें करत मागे, पिलू पुढे. तेव्हापासून गावात कुणी कुणावर रुसलं, की बायका म्हणायच्या, "रुकिनेमचा पाटा चाटलास काय?"

पोर तोडायचं असलं की आई गुपचूप हिच्याकडे यायची. ही गुळवेलीचा हिरवा लगदा पानात बांधून द्यायची. "बोटभर लाव. पोर तोंड लावेल, थू करेल, तुझ्याकडे रागानं बघेल. ते बघणं तेवढं सोस. बाकीचं माझं कडू बघून घेईल."

अशी ही बाई. आणि गावात विजेचे खांब उभे राहिले त्या वर्षी, नियतीनं ठरवलं की आता हिचीच परीक्षा घेऊ.

झालं असं, की तिची लेक विनार पुन्हा गरोदर राहिली. पहिली पोर लारास, नुकतं वर्ष भरलेलं. धड चालत नव्हती, पण धावत मात्र होती. आणि सारखी आईच्या अंगावर. पोटात दुसरं असताना पहिल्याला पाजायचं नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. त्यात विनार अंगानं काटकुळी. एकदा विहिरीवर घागर उचलताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. कडेवर लारास. बसल्या बसल्याही ती आईच्या छातीशी झोंबतच होती.

"सिम्बोक, आता माझ्याच्यानं होत नाही गं," विनार घरी येऊन म्हणाली.

"मग मी कशाला आहे?" रुकिनेम म्हणाली. "गावची पोरं तोडली, माझी नात तेवढी राहील होय? पोरीचा जन्मवार उलटू दे. दुसऱ्याच दिवशी सोडवते."

आता खरं तर ही गोष्ट घरात उरकायची. पण रुकिनेमला आपल्या कडूचा केवढा तोरा! तिनं शेजारच्या गिनाहला सांगितलं. गिनाह तेम्पे विकायची, सोयाबीनच्या वड्या. तिला सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली. त्या सकाळी अंगणात आठ-दहा बायका जमल्या. कुणी तांदूळ निवडायला घेऊन आली होती, कुणी नुसतीच.

विनारनं लगदा लावला. लारासला मांडीवर घेतलं. पोरीनं तोंड लावलं. थांबली. डोळे गच्च मिटले, नाक आक्रसलं, अंगावर शहारा आला. बायकांनी माना पुढे काढल्या.

पोरीनं "हाः" केलं, ओठ चाटले, आणि पुन्हा तोंड लावून गटागटा प्यायला लागली.

मग गिनाह जी हसत सुटली!

"अगं रुकिनेम, तुझ्या कडूत पाऊस पडला वाटतं!"

"थांब जरा. विनारनं पातळ लावलंय."

"मी पातळ लावलंय?" विनार म्हणाली. "माझे हात बघ. दिवसभर भात कडू लागणार मला."

रुकिनेमनं घरात जाऊन किराईताचा अर्क आणला. काळा, डांबरासारखा. बोट बुडवून स्वतः चाटून बघितला. तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. तो लावला. पोरीनं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा शहारली, पुन्हा "हाः" केलं. आणि या खेपेला तर प्यायच्या आधी आजीकडे बघून हसली.

"पोर कसली, गिऱ्हाईक आहे तुझं पक्कं," गिनाह म्हणाली. बायका तांदूळ तसेच घेऊन घरी गेल्या. निवडायचं कुणाला सुचतंय!

दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारात पोचली, संध्याकाळपर्यंत भट्टीवर. दुसऱ्या दिवशी रुकिनेमनं पेला पुढे केला, तर विटा पाडणाऱ्यांतला एक जण आधी हुंगून बघतो!

"काय हुंगतोस मेल्या, फुलं आहेत का ती?"

"नाही सिम्बोक, नात दुधाबरोबर पिते म्हणून ऐकलं. म्हटलं आता गोड झालं असेल."

हसणं रुकिनेमनं सोसलं असतं. पण विनार दिवसेंदिवस वाळत चालली होती. आणि लेकीला शब्द दिला होता. म्हणून तिनं जुना मार्ग धरला. पोर आजीच्या कुशीत झोपवायचं. आईनं छातीवर गार पानं ठेवून घट्ट कापड बांधायचं, पोरीसमोर फिरकायचं नाही.

पहिल्या दुपारी लारासनं जो गळा काढला, तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. केळं दिलं, फेकलं. मऊ भात दिला, आजीच्या केसांत लावला. रुकिनेमनं कापडात बांधून झुलवली, कोंबड्या दाखवल्या, खांबावर चढलेला तारवाला दाखवला. शेवटी रडून रडून थकलेल्या पोरीनं चाचपडत आजीच्या केबायाची, म्हणजे पुढून पिनांनी बंद करायच्या झग्याची, पीन ओढली आणि आत तोंड घातलं.

तिथं काय होतं? काही नव्हतं. किती वर्षं झाली आटून. पण पोर शांत झाली. तिचा इवला हात आजीच्या गळ्यातल्या दोऱ्याशी खेळत राहिला, श्वास सावकाश झाला. गावात आज्या असं करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. "आजच्या दिवस," रुकिनेम स्वतःशी म्हणाली.

आजच्या दिवसाला उद्या असतो, हे का तुम्हाला सांगायला हवं!

विनारला कळलं एवढंच, की पोर रडत नाही. "सुटली?" तिनं दाराआडून विचारलं.

"सुटली," रुकिनेम म्हणाली. आणि आपण खोटं बोललो असं तिला वाटलंही नाही. आईपासून तर सुटली होती. खरं सांगायचं तर रुकिनेमला त्या दिवसांत पाट्यावर वाटताना गाणं सुचायचं. विनार एवढीशी असताना ही जामू विकायला शहरात गेली होती. विनारचं दूध तिच्या आजीनं सोडवलं. पोर कसं तुटतं ते गावाला शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या पोरीचं तुटणं पाहिलंच नव्हतं. आता उतारवयात कुणीतरी तिच्या कुशीत तोंड खुपसून झोपत होतं. सोडवणार कोण, आणि कशासाठी?

पण लारास तिला क्षणभर सोडेना. म्हणून मग पाठीवर टोपली आणि पोटाशी पोर, अशी ती फेरीला निघू लागली. आणि भट्टीवर एके सकाळी सुकिर म्हाताऱ्याला पेला भरून देत असताना, सगळ्या गड्यांच्या देखत, लारासनं पीन ओढली.

सुकिर भट्टीवरचा सगळ्यांत जुना माणूस. तोंडात दात दोन, पण जीभ शाबूत. तो म्हणाला, "अरेच्चा! म्हातारीच्या टोपलीत एक बाटली जास्तीची निघाली की. आणि तीही रिकामी!"

विटांचे साचे खाली ठेवून माणसं हसली. रुकिनेमही हसली, केबाया सारखा केला, शिव्या दिल्या. पण घरी पोचेपर्यंत विनोद तिच्या आधी पोचला होता.

विनार उंबऱ्यावर बसली होती. हसत नव्हती.

"सिम्बोक, तू म्हणालीस सुटली."

"तुझ्यापासून सुटली ना?"

"माझ्यापासून," विनार म्हणाली. "मी आठ दिवस पाठ फिरवून बसते. ती हाक मारते आणि मी भिंतीकडे बघते. छाती ठणकते ते वेगळंच. मला वाटायचं, तिला सोसावं लागतंय तर मीही सोसते. आणि ती तुझ्याकडे! मी तिला तोडली ती मोठी व्हावी म्हणून. तुला द्यायला नाही."

रुकिनेमनं टोपली उतरवली आणि उगाचच एक धुतलेला पेला पुन्हा धुतला.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर तिनं नेहमीसारखी टोपली उतरवली. सुकिरनं कडूचा पेला घेतला, एका दमात रिचवला, डोळे गच्च मिटले, नाक आक्रसलं, "हाः" केलं. आणि डोळे न उघडताच रिकामा पेला पुढे धरला. का? कारण कडूनंतर गोड यायचंच. तांदूळ-कचोरा आणि माडाचा गूळ. ते सिम्बोकनं कधी चुकवलं नव्हतं. कडू प्यायलेल्या माणसाला तोंड गोड न करता पाठवायचं नाही, असा तिचा नेम. गोड पिऊन झालं की गडी पेला टोपलीच्या काठावर उपडा घालायचे, म्हणजे पोट भरलं.

आणि पोटाशी बांधलेली लारास? तिनंही डोळे मिटले होते. नाक आक्रसलं होतं. "हाः" केलं होतं. आणि इवला हात पुढे धरला होता.

रुकिनेमच्या हातातली बाटली तशीच राहिली.

बसायला यायला लागल्यापासून ही पोर टोपलीशेजारी वाढली होती. आजीनं गंमत म्हणून बोटभर कडू चाटवायचं आणि लगेच चमचाभर गोड. पोरीला एकच पक्कं ठाऊक झालं होतं, कडू आलं म्हणजे मागून गोड येतंच. आईच्या अंगावर कडू लागलं, तर तिनं ते खुशीनं चाटलं आणि पुढच्या पेल्याला तोंड लावलं. तिचं काय चुकलं? दूध हाच तिचा गोडाचा पेला!

"हात्तिच्या!" रुकिनेम एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की सुकिरनं एक डोळा उघडला.

"काय झालं? गोड संपलं?"

"गोड नाही रे, अक्कल संपली होती. धर तुझा पेला."

घरी जाऊन तिनं विनारला भिंतीकडून वळवलं. "उद्या पाठ फिरवायची नाही. समोर बसायचं. पण केबाया बंद."

"आणि ती झोंबली तर?"

"झोंबेल. तू हातात पेला धर."

सकाळी अंगणात चटई पसरली. या वेळी गिनाहला बोलावलं नाही. ती आपोआप आली, पण तेम्पेची पाटी ठेवून मुकाट्यानं कडेला बसली. रुकिनेमनं आधी स्वतःचा केबाया गळ्यापासून खालपर्यंत पिनांनी बंद केला, होत्या तेवढ्या सगळ्या पिना लावून. मग लारासला टोपलीसमोर बसवलं, मोठ्या गिऱ्हाइकासारखं. उकडलेलं अंडं सोलून तिच्या एका हातात दिलं, तोडणीच्या दिवशी देतात तसं, आणि कानाशी म्हणाली, "आजपासून तुझं दूध भातात, गं गेंदुक, माझ्या छकुले."

मग बोटभर कडू. पोरीनं चाटलं, शहारली, "हाः" केलं आणि सवयीनं आजीच्या छातीकडे वळली. पीन ओढली. पीन हलेना. दुसरी ओढली. तोंड वाकडं व्हायला लागलं. रुकिनेमला तिथंच वाटलं, काढावी एक. काय बिघडतं? तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"न्दुक, छकुले," विनारनं हाक मारली. किती दिवसांनी आईचं तोंड समोर! तिच्या हातात करवंटीचा छोटा पेला होता, कोमट, कचोऱ्याच्या वासाचा. लारासनं आईकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. रडायचं की प्यायचं, हे ठरेना. मग तिनं दोन्ही केलं. रडत रडत प्यायली, निम्मं हनुवटीवरून पोटावर गेलं, अंडं चटईवर घरंगळलं, ते गिनाहनं पुसून परत हातात दिलं.

एका सकाळीत झालं म्हणाल तर नाही. दुपारी पोर पुन्हा पिनांना झोंबली, संध्याकाळीही. रुकिनेमच्या केबायाला दोन भोकं पडली. पण प्रत्येक वेळी पेला आईच्या हातून आला, आणि मागून मांडीही आईचीच. पुढच्या बाजारवारापर्यंत पोर मऊ भात मागून खायला लागली. विनारच्या गालावर जरा रंग आला. शेजारणी पुन्हा लगदा न्यायला येऊ लागल्या. आता रुकिनेम पानात लगदा बांधताना आणखी एक गोष्ट सांगायची, "नुसतं कडू देऊ नकोस गं. मागून काय देणार, ते आधी ठरव."

एके सकाळी ती निघायच्या तयारीत होती. लारास धावत आली, मांडीवर चढली. रुकिनेमचा हात नकळत पिनांवर गेला. पण पोरीनं पीन ओढली नाही. हातातला रिकामा पेला तिनं आजीच्या छातीवर उपडा घातला, भट्टीवरच्या गड्यांसारखा, आणि उतरून आईकडे पळाली.

विनार पोट धरून हसली. रुकिनेमही हसली. मग टोपली पाठीवर घेतली, गाठ मारली आणि निघाली. पुढे पोटाशी काही नव्हतं, सगळं मागेच. त्या दिवशी बाटल्या तिला पहिल्यांदाच जड लागल्या.

भट्टीवर सुकिरनं विचारलं, "आज एकटीच? नात सुटली म्हणायची?"

"सुटली," रुकिनेम म्हणाली.

तिनं एक कडूचा पेला भरला. सुकिरनं हात पुढे केला, पण तो पेला तिनं स्वतःच पिऊन टाकला. डोळे गच्च मिटले, नाक आक्रसलं, "हाः" केलं, आणि सवयीनं, डोळे न उघडताच, रिकामा पेला पुढे धरला.

मग तिच्याच लक्षात आलं, की भरणारी तीच. ती हसायला लागणार, एवढ्यात पेल्यात काहीतरी ओतल्याचा आवाज झाला. कचोऱ्याचा वास आला.

"सावकाश पी," सुकिर बाटलीला बूच लावत म्हणाला. "आणि पेला उपडा घालायची घाई नको."