चिटगुप्प्याच्या अक्कांचा कॉम्प्युटर

नौबादला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. चिटगुप्प्याला लग्नपत्रिका करून देणारा एक जण आपलं मशीन माझ्याकडेच आणायचा. त्याला पोटाचा आजार झाला. ऑपरेशनला हैदराबादला निघण्याआधी तो मशीन घेऊन आला.

"साऱ्या डिस्कची इमेज काढून दे," म्हणाला. "नुसत्या फायली नगंत. माझ्या बायकोला जागा पाठ हैत. मराठीचा फॉन्ट कुठं, कन्नडचा कुठं, समदं जागच्या जागी पायजे."

इमेज म्हणजे सिस्टीम, फॉन्ट, फायली, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. ती मी दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढून दिली. तो हैदराबादहून परत आला नाही.

त्याच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, दुकान चालू ठेवलं. पुढं काही महिन्यांनी मशीनमधली डिस्क खटखट वाजून बंद पडली. अक्का मशीन घेऊन बसनं आल्या. टॉवेलात गुंडाळलेली ती दुसरी डिस्कही आणली होती.

"अण्णा, ह्येच्यातून समदं येतंय का?"

नवी डिस्क बसवून मी इमेज चढवायला लावली. अक्का स्टुलावर बसून पडद्यावर सरकणारी पट्टी बघत राहिल्या. मागवलेला चहा तसाच निवला.

मशीन सुरू झालं. फोल्डरांची तीच रांग, त्याच जागी. अक्कांचा हात न शोधता कन्नड पत्रिकांवर गेला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग फायली खालपर्यंत बघितल्या.

"मी केलेल्या पत्रिका कामून दिसंनात?"

"अक्का, ही इमेज ते जायच्या आधीची. तवापर्यंतचंच येतंय."

जुनी डिस्क मी पुन्हा लावून पाहिली. नुसती खटखट.

"त्येंचं आलं, माझं गेलं," म्हणाल्या. "एकटीनं शिकून केलतं मी."

मग त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "इमेज कशी काढायची, मला दावा. इथून पुढं माझ्या हातानं काढते."

दुपारभर मी दाखवत होतो आणि त्या एकेक पायरी कन्नडात पुटपुटत होत्या. डिस्कवरची जुनी इमेज पुसून तिथंच नवी काढायची का, असं मी विचारलं.

"नगं. त्येंची तशीच ऱ्हाऊ द्या. माझ्यासाठी येगळी डिस्क द्या."

नवी डिस्क पिशवीत घालून त्या संध्याकाळच्या बसनं गेल्या. पुढं दुरुस्तीला मशीन आणायच्या, पण इमेज काढायला कधीच आल्या नाहीत.