हबीबचाचांची घरगाडी

हबीबचाचा गाडी चालवताना कुणाला हात करत नसत. उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा गिअरच्या दांड्यावर. तो हात सुटला की गिअरही सुटायचा. त्यामुळे रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं तर ते नुसती हनुवटी वर करायचे, आणि नव्या माणसाला वाटायचं, काय हा पिंजारी मिजासखोर! चढ लागला की मागून चाची पुढे यायच्या, शेजारच्या पत्र्याच्या पेटीवर बसायच्या आणि दोन्ही हातांनी दांडा दाबून धरायच्या. दोघांत एक शब्द होत नसे. चाचांनी क्लच दाबला की चाचींचे हात सैल व्हायचे, गिअर पडला की पुन्हा घट्ट. इतकं जमलेलं जोडपं मी फार पाहिलेलं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. दिवाळी उलटली की चाचांची गाडी शाळेमागच्या चिंचेखाली येऊन उभी राहायची. मुळात ती भंगारात निघालेली मिनीबस. मागच्या भागात कापूस पिंजायचं यंत्र आणि ते चालवणारं लहानसं डिझेल इंजिन, आणि मधल्या भागात या दोघांचं घर. एक बाज, एक स्टोव्ह, चार भांडी, खिडकीत डालड्याच्या डब्यात लावलेला पुदिना. पोटी मूल नव्हतं. पावसाळ्याचे महिने धुळ्यात नातेवाइकांकडे काढायचे आणि बाकी वर्षभर खानदेशातल्या गावागावांतून गाद्या भरत हिंडायचं, असं त्यांचं आयुष्य. चाचा कापूस पिंजायचे, चाची खोळी शिवायच्या.

एकदा गावातली एक म्हातारी आईच्या वेळची गादी घेऊन आली. कापूस दगडासारखा बसलेला. "फेकी देऊ का रे भाऊ?" तिने विचारलं. चाचांनी गादीवर तळवा ठेवला, डॉक्टर पोट दाबून बघतो तसा दाबला, आणि म्हणाले, "दमेल शे अक्का, मरेल नही." म्हणजे दमलाय, मेलेला नाही. संध्याकाळी तोच कापूस पांढराशुभ्र होऊन कमरेपर्यंत फुगला होता. म्हातारी त्याच्याकडे बघत किती तरी वेळ उभी राहिली.

"दमेल शे, मरेल नही" हे ते कापसाबद्दल म्हणत, थंडीत सुरू न होणाऱ्या गाडीबद्दल म्हणत आणि कुणी तब्येत विचारली तर स्वतःबद्दलही म्हणत. गाडी चालवण्याबद्दल त्यांचा दुसरा एक मंत्र होता: "डोया रस्तावर, कान गाडीमा." गाडीतला कुठलाही बारीक आवाज बदलला की त्यांची मान किंचित तिरकी व्हायची.

चाची अबोल होत्या. दुपारी काम नसलं की माझ्या भाड्याच्या खोलीवर यायच्या आणि नुसत्या बसायच्या. कोनाड्यातले माझे डबे पुसून पुन्हा ओळीने लावायच्या. एकदा म्हणाल्या, "बाई, आठे पावसाना आवाज कसा येत व्हई?" इथे कौलांवर कसा येतो ते मी सांगितलं. त्यांनी लहान मुलासारखं ऐकून घेतलं. त्यांना शोधत चाचा दाराशी आले की हसून म्हणत, "हिले गाडी सोडी कोठेच करमत नही." चाची पदर सावरून निघायच्या.

कापसाची धूळ चाचींच्या छातीत बसली होती. पदर नाकाला गुंडाळून त्या काम करायच्या, पण दर वर्षी खोकला वाढलेलाच असायचा. एका वर्षी दिवाळीनंतर आल्या त्या बाजेवरच. मग परत निघायचं लांबत गेलं आणि माघात श्वासच पुरेनासा झाला. भडगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "धुळ्याला हलवा. उशीर करू नका." माझा भाऊ तेव्हा धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात कंपाउंडर होता, म्हणून मी सोबत जायचं ठरलं. एसटीत बसून जाणं चाचींना झेपलंच नसतं. गाडीत निदान बाजेवर आडवं होता येत होतं.

सकाळी निघालो. चाची मागे झोपलेल्या, म्हणून पुढच्या पेटीवर मी बसले. दांडा धरायची पाळी आता माझ्यावर आली होती. "दाबी धरा बाई, पन भांडू नका तेन्हासंगे," चाचा म्हणाले. मला ते जमत नव्हतं. माझे हात अवघडायचे, क्लच दाबला तरी पकड सुटायची नाही, आणि गाडी कण्हायची. चाचा रागावले नाहीत. फक्त दर थोड्या वेळाने मागे वळून न बघता विचारायचे, "कसं शे वं?" मागून खोकल्याचा आवाज आला की तेच उत्तर समजायचे.

पारोळा मागे पडलं. मुकटीच्या अलीकडे एक लांब चढ आहे, तिथे माझ्या पायाखाली काहीतरी कडकन तुटलं. हातातला दांडा डेऱ्यातल्या रवीसारखा सैल फिरायला लागला. इंजिन चालू होतं, पण चाकांना जोर नव्हता. गाडी मागे घसरायला लागली तसा चाचांनी ब्रेक दाबला, आणि मी उडी मारून चाकामागे दगड लावला.

"गडबड नको," चाचा म्हणाले. त्यांनी क्लच दाबून सोडून पाहिला, कान लावून ऐकलं. क्लच ठीक होता. मग पोतं अंथरून ते गाडीखाली शिरले. चाकांकडे जाणारा शाफ्ट हलवून पाहिला, गिअरबॉक्सच्या खालून हात फिरवला. बोटाला ताजं ऑइल लागलं नाही, म्हणजे खाली सगळं शाबूत होतं. "खाले बठ्ठं बरं शे," खालूनच त्यांचा आवाज आला, "दुखणं वर शे."

वर येऊन त्यांनी सीटशेजारचा पत्रा उचलला आणि गिअरबॉक्सच्या झाकणाचे बोल्ट सोडायला सुरुवात केली. झाकण निघालं तेव्हा कारण समोर दिसलं. गिअर ढकलणारं दांड्याचं खालचं टोक मोडून आत पडलं होतं. चाचांनी तो तुकडा तळहातावर घेतला आणि बाजेकडे पाहिलं. चाचींच्या छातीचा भाता जोरात चालला होता. "दमेल शे," चाचा पुटपुटले, "मरेल नही." ते कुणाबद्दल म्हणाले, मला कळलं नाही.

तेवढ्यात धुळ्याकडे जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता. परिस्थिती बघून म्हणाला, "केबिनमधल्या फळीवर झोपवू त्यांना. जपून नेतो." चाचा ऑइलने माखलेले हात लांब धरून उभे राहिले. मग चाचींना म्हणाले, "तू जाय बाईसंगे. मी मांगेतून येस."

चाचींनी डोळे उघडले आणि मान हलवली. "मनं घर सोडी मी कोठे नही जास."

मी समजावलं, ड्रायव्हरने समजावलं. त्या बाजेची कड धरून राहिल्या. शेवटी ट्रक गेला. चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर एक प्रकारचा अभिमानही होता. "देख्यं का बाई? गाडीवर कसा जीव शे तिना," असं म्हणून पडलेला एक बोल्ट शोधायला ते पुन्हा गाडीखाली गेले.

तेव्हा चाचींनी मला बोटाने जवळ बोलावलं. कान तोंडाशी न्यावा लागला. "हाई गाडी माले कधीच आवडनी नही, बाई. एक जागावर ऱ्हावानी भलती हौस व्हती." मधे श्वास घेतला. "पन मी ट्रकमा गऊ, तर त्यासले बी मांगे येनं पडी, गाडी आठे एकली ऱ्हाई. त्यासना जीव आठेच अडकी. त्यासले सांगू नका."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते? पाण्याचा चमचा त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी दोन घोट घेतले.

चाचा वर आले. दांडा आता कामाचा नव्हता, पण दांडा जिला ढकलतो ती आतली सळई शाबूत होती. मोठा स्क्रूड्रायव्हर लावून त्यांनी ती दुसऱ्या गिअरमध्ये सरकवली. पण जुनी झिजलेली सळई परत निसटणार हे त्यांना ठाऊक होतं. तिच्यामागे कसली तरी पाचर हवी होती. ते इकडेतिकडे बघायला लागले. बाजेवरून आवाज आला, "लाटणं ल्या."

"तुनं लाटणं?"

"माले आते कोठे पोया लाटन्या शेत?"

बाभळीचं लाटणं होतं, वर्षानुवर्षांच्या हाताने गुळगुळीत झालेलं. चाचांनी ते कापलं, तासलं, तुकडा सळईमागे ठोकला आणि झाकण बसवलं. ठोकताना ते एकदाही बाजेकडे बघत नव्हते.

गाडी निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये चढावर उचलताना क्लच जळाल्याचा वास सगळीकडे भरला. पुढेही तोच एक गिअर, तोच एक घरघरता सूर. सायकलवाले आम्हाला मागे टाकून वळून बघत होते. दांडा धरायचं काम उरलं नव्हतं, म्हणून मी बाजेशी बसले होते. चाचींचा हात माझ्या हातात होता. बाहेर कापूस वेचून झालेली काळी रानं हळूहळू मागे सरकत होती.

फागणं गाव जवळ आलं असावं. खोकला थांबला. आधी मला वाटलं, झोप लागली. मग हातातला हात जड झाला. मी नाकाशी बोटं धरली, मनगट चाचपलं, पुन्हा बोटं धरली. चाचांच्या पाठीकडे पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांची मान किंचित तिरकी झालेली होती.

"बठी ऱ्हा बाई," ते समोर बघतच म्हणाले. "आते थांबनू तर हाई पुन्हा उठनार नही."

मी बसून राहिले. धुळ्याच्या गर्दीतून, हॉर्न देणाऱ्या गाड्यांमधून, तो एकच सूर काढत आम्ही दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो. चाचांनी इंजिन बंद केलं. अचानक झालेली ती शांतता मला अजून आठवते. ते मागे वळले नाहीत.

"फागनाजोडे, ना?"

"हो, चाचा. फागण्याजवळच."

त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

चाचींची माती धुळ्यातच झाली. पुढच्या दिवाळीनंतर गावातल्या बायका जुन्या गाद्या उन्हात काढून वाट बघत राहिल्या. चाचा आले नाहीत. मग एकेकीने भडगावहून फोमच्या गाद्या आणल्या आणि चिंचेखालची जागा सगळ्यांच्या सवयीतून गेली.

माझी बदली जळगावला झाली, मेहरूणला बिऱ्हाड केलं. तिथल्या बाजारात एका गादीवाल्याच्या दुकानात, मागच्या बाजूला, फोमला खोळी शिवताना चाचा दिसले. खोळी शिवणं हे चाचींचं काम. दोन्ही हात सुईदोऱ्यात होते. मला बघून त्यांनी हनुवटी वर केली. गाडी कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, "इकी टाकी."

त्यानंतर ते फार जगले नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीतच गेले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. पण त्याआधी एकदा, उन्हाळ्यातल्या दुपारी, ते घर शोधत माझ्याकडे आले. सरबत घेतलं, शाळेतल्या मुलांची चौकशी केली. मग रिकामा पेला खाली ठेवला.

"एक गोट चांगली व्हयनी, बाई," ते म्हणाले. "तिले गाडीमाच मराले भेटनं. स्वतःना घरमा. ट्रकमा धाडी देतू, तर माले जलमभर खातं ऱ्हातं."

मी पेला उचलून घेतला.

"मी खाले व्हतू तवय," ते माझ्याकडे बघत म्हणाले, "ती काही बोलनी का?"

"पाणी पाहिजे होतं त्यांना."

"दिधं ना?"

"दिलं. दोन घोट प्यायल्या."

"मंग बरं," चाचा म्हणाले. ते उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायांसमोरच होत्या.